बी पाठवणाऱ्यास

बर्नसाइड, कीथजवळ, स्कॉटलंड
७ मार्च १९९३

प्रिय निनियन,

तुझं पाकीट पोचलं. वर आईचं नाव होतं म्हणून मी फोडलं नाही, तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. तिने अक्षर ओळखलं, न्यूझीलंडचा, डनीडिनचा शिक्का पाहिला, आणि आधी चहा संपवला. मग लोण्याच्या सुरीने पाकीट उघडलं. आत पत्र नाही. घडीच्या कागदात चिमूटभर बी आणि वर तुझ्या हातचं ‘निळी पॉपी, आमच्या बागेतली’. एवढंच.

‘‘चुलीत टाक,’’ आई म्हणाली.

मी उठले. चुलीचं झाकण उचललं सुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘थांब. बियांचा काय दोष?’’

तुझं नाव या घरात घेतलं जाऊन सोळा वर्षं होतील. तू पुरोहितपद सोडलंस हे तिला तुझ्याकडून कळलं नाही. रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, चार लोकांदेखत कळलं. तिचा राग नायरीशी तू लग्न केलंस त्यावर जेवढा आहे त्याहून जास्त त्या पायऱ्यांवर आहे, असं मला नेहमी वाटत आलंय. पण ती बोलत नाही, तेव्हा खरं काय ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आई स्वयंपाकघरात नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, रात्रभर बर्फ पडलेलं, आणि ही बाबांचा जुना कोट घालून मागच्या अंगणात. मातीची कुंडी भरून तिने त्यावर मूठभर बर्फ सारखं पसरलं होतं. तुझा कागद एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट त्यावर हलकेच टकटक करत होतं, आणि त्या पांढऱ्यावर बी पडत होतं. खसखशीसारखं, पण त्याहून हलकं. बर्फावर पेरलं की प्रत्येक दाणा कुठे पडला ते दिसतं आणि वितळताना पाणी त्याला हवं तेवढंच खाली ओढून घेतं, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. मला कधी शिकवलं नव्हतं.

मी बघत उभी राहिले. श्वास जोरात सोडला असता तर सगळं उडून गेलं असतं.

‘‘ताजं पाठवलंय,’’ ती म्हणाली. ‘‘पाठवणाऱ्याला एवढी तरी अक्कल आहे.’’

तेव्हा तुझं नाव आता ‘पाठवणारा’. हे मी तिला न सांगता लिहिते आहे. तिला कळणारच आहे.

तुझी,
ऊना

*

बर्नसाइड
१८ एप्रिल १९९३

प्रिय निनियन,

उगवलं.

काचेच्या झाकणाची ती लाकडी पेटी आठवते ना, बाबांनी जुन्या खिडकीची केलेली? कुंडी तिच्यात आहे. रोज सकाळी मी झाकण उचलून बघत होते आणि रोज काळी माती. मला वाटायला लागलं होतं की बी वाटेतच मेलं असणार, विमानात काय थंडी असते म्हणतात. आई काही बोलत नव्हती. बघतही नव्हती, असं मला वाटत होतं.

आज मिस्सेहून आले तर तिने मला कोट काढू दिला नाही. ‘‘चल आधी.’’

मी वाकले. काही दिसेना.

‘‘चष्मा पूस.’’

पुसला. मातीवर हिरवट धूर बसावा तसं काहीतरी होतं. मग नजर बसली आणि एकेक वेगळं दिसू लागलं. शिवणाच्या दोऱ्याएवढा देठ, त्यावर दोन पानं, एवढी लहान की पान म्हणायला धीर होईना. एकाच्या डोक्यावर बीचं टरफल अजून तसंच, शाळेत जायच्या घाईत टोपी काढायची राहिलेल्या पोरासारखं.

मला सिस्टर फिलोमिना आठवल्या. पहिलीत त्यांनी बरणीत ओल्या टीपकागदावर घेवड्याचा दाणा ठेवला होता. मोड आला त्या दिवशी आम्हाला रांगेने एकेक करून नेलं. बोटांवर छड्या मारणारी ती बाई त्या दिवशी हळू आवाजात म्हणाली होती, ‘‘इथे बोलायचं नाही, मुलींनो. इथे कुणीतरी काम करतंय.’’ पुढे मी चाळीस वर्षं बालवर्ग शिकवला, दर वर्षी बरणी मांडली आणि दर वर्षी तेच वाक्य म्हटलं. सवयीने म्हटलं. आज मात्र गुडघ्यांना चिखल लागलेला असताना ते पुन्हा ऐकू आलं आणि मी खरंच बोलू शकले नाही.

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, चारही पाण्याबद्दल. ‘पाणी खालून द्या. दुपारचं ऊन नको.’ मी तो कागद टेबलावर उघडा ठेवला आणि अंडी आणायला गेले. परत आले तर कागद होता तसाच होता, पण आई म्हणाली, ‘‘मी पाणी वरून दिलं होतं का कधी?’’

तुझी,
ऊना

*

बर्नसाइड
२६ सप्टेंबर १९९३

प्रिय निनियन,

वाईट बातमी आधी. बरीचशी रोपं मे महिन्यातच बुडाशी कुजून आडवी झाली. उरलेल्यांतली काही गोगलगायींनी एका पावसाळी रात्रीत संपवली. आता तीन आहेत, तीन वेगळ्या कुंड्यांत.

पण ती तीन बघायला हवी होतीस रे. पहिली दोन पानं गुळगुळीत होती. तिसरं आलं ते लव घेऊन. सोनेरी लव, तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी. सकाळी धुकं असतं तेव्हा त्या प्रत्येक केसाच्या टोकाला एकेक थेंब लटकलेला असतो, आणि तो पानाला न टेकता तिथेच राहतो. आई रोज खुर्ची घेऊन जाते आणि तिथे बसून जपमाळ म्हणते. किती वेळ मणी पुढे सरकत नाही, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते.

आता पानं पिवळी पडून बसायला लागलीत. शेजारचा डफस म्हणतो की ही झाडं हिवाळ्यात जमिनीखाली जातात आणि वर काहीसुद्धा ठेवत नाहीत. डफस प्रेस्बिटेरियन पंथाचा आहे आणि आईच्या मते त्यांच्या देवाला बागकाम येत नाही, पण या बाबतीत तो बरोबर असावा.

आई बरी आहे. चढावर थोडा दम लागतो. वय झालं.

तुझी,
ऊना

*

बर्नसाइड
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय निनियन,

गुरुवारी मी आईची औषधं आणायला कीथला गेले होते आणि ती खुर्चीत डुलकी काढत होती. डफसला वाटलं, दोन बायका, हिवाळा, जरा मदत करावी. त्याने पेटी साफ केली. ‘रिकाम्या’ कुंड्या मागच्या खताच्या ढिगावर उलट्या केल्या, फावड्याने ढीग सारखा केला, कुंड्या गरम पाण्याने धुतल्या आणि एकीत एक घालून भिंतीशी रचून ठेवल्या. बिचाऱ्याने आतून घासल्या सुद्धा.

मी फाटकातून आत आले तेव्हा आई दारात उभी होती आणि डफस हात पुसत होता.

‘‘कुंड्यांतलं काय केलंस?’’

‘‘कशातलं?’’

‘‘कुंड्यांतलं.’’

‘‘काही नव्हतं, मिसेस गेडिस. नुसती माती होती.’’

‘‘तुझंही डोकं बाहेरून नुसतं टक्कलच दिसतं, डफस. म्हणून मी ते कधी फोडून बघितलं का?’’

ही झाडं हिवाळ्यात खाली जातात हे त्यानेच आम्हाला सांगितलेलं; ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा बघवेना. पण आई थांबली नाही. गारठ्याचा पाऊस पडत होता. ती ढिगापाशी गेली, गुडघे टेकले आणि बोटांनी माती चाळायला लागली. मी कोट टाकला तिच्या खांद्यावर, तो घसरून पडला, तिला कळलंही नाही. डफस तिच्या समोर गुडघ्यांवर आला. आम्ही तिघं त्या ढिगात हात घालून होतो.

एक सापडलं, पण फावड्याने मधोमध कापलेलं. दुसरं सापडलंच नाही. अंधारून आलं तेव्हा आई म्हणाली, ‘‘हं.’’

तिच्या तळहातावर बोटभर मुळी होती, वाळक्या गाजरासारखी. तुला सांगते, मी ती फेकून दिली असती. आईने अंगठ्याने वरची माती सारली. टोकाला, खाली दुमडलेल्या कुजक्या पानांच्या आत, एक कोंब होता. करंगळीच्या नखापेक्षा लहान, आणि त्या राखाडी संध्याकाळी सगळाच्या सगळा सोनेरी. पाच महिने मातीखाली, कुणी बघत नसताना, तो लव पांघरून तसाच बसून होता. मी बोट पुढे केलं.

‘‘हात लावू नकोस,’’ आई म्हणाली. ‘‘झोपलंय.’’

डफसने टोपी काढली. पाऊस त्याच्या टकलावर पडत होता आणि तो तसाच उभा होता, जसे आपण चर्चमध्ये उभे राहतो. आईलाही ते दिसलं असणार, कारण तिने त्याला चहाला आत बोलावलं.

त्या संध्याकाळी ती लवकर झोपली.

तुझी,
ऊना

*

बर्नसाइड
२४ एप्रिल १९९४

प्रिय निनियन,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाच आणि नीट वाच.

त्या एका मुळीच्या, पुन्हा कुंडीत लावलेल्या झाडाला कळी आली आहे. पानांची मूठ थोडी सैल झाली आहे आणि आत, अगदी तळाशी, मटाराएवढी एक कळी बसली आहे. आठ दिवसांपासून आम्ही सगळे तिच्याभोवती फिरतो आहोत. मी तर पहाटे चपला न घालताच जाते.

काल डफस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘‘खुडा.’’

मला वाटलं चेष्टा करतो. चेष्टा नव्हती. तुला ठाऊक असेलच, मला नव्हतं. बीपासून आलेल्या या झाडाला एकच कोंब असताना फुलू दिलं तर ते सगळं बळ त्या फुलात ओततं आणि मरून जातं. पहिली कळी खुडली तर ते बाजूने नवे कोंब धरतं आणि मग वर्षानुवर्षं फुलतं.

‘‘यंदा राहू दे,’’ मी म्हटलं.

‘‘अहो, मग संपलंच की ते. पुढच्या वर्षी हातात काय?’’

‘‘पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.’’

‘‘मास्तरीणबाई, एका फुलासाठी कुणी झाड मारतं का?’’

आता तुला ते सांगते, जे ऑक्टोबरपासून मी एकाही पत्रात सांगितलं नाही. नुसता दम नाही. आईचं हृदय थकलं आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा उन्हाळा मिळेल असं वाटतं, पण पुढच्या हिवाळ्याचा भरवसा देता येत नाही. मी तिला हे सांगितलेलं नाही. म्हणून मी म्हणत होते, राहू दे. जूनमध्ये फूल येईल आणि ती ते बघेल. मग झाड गेलं तर जाऊ दे. पण डफससमोर हे कसं बोलणार?

आई खुर्चीत बसून ऐकत होती. आम्ही दोघं दमल्यावर म्हणाली, ‘‘बी कुणाचं?’’

मी कुंडीची कड पुसायला लागले.

‘‘बी कुणाचं, ऊना?’’

‘‘त्याचं,’’ मी म्हटलं. मलाही नाव घ्यायचा धीर झाला नाही.

‘‘मग त्याला विचार. ज्याचं आहे त्याला आधी विचारायचं. सगळ्यांत शेवटी कळणं वाईट असतं, ते मला ठाऊक आहे.’’

मी म्हटलं, फोन करते. तर म्हणाली, ‘‘फोनवर माणूस पटकन काहीतरी बोलून जातं. लिही. कळी थांबेल तेवढी.’’

म्हणून लिहिते आहे. खुडायची की राहू द्यायची? माझं मत वर येऊन गेलंच आहे, ते धरू नकोस. फक्त एवढं लक्षात घे, की सतरा वर्षांत तिने तुला पहिल्यांदा काही विचारलं आहे, आणि ते विचारताना ती कळीकडे बघत नव्हती.

गार वारा आहे. कळी हळू वाढते आहे. पण फार थांबणार नाही.

तुझी,
ऊना

*

बर्नसाइड
५ मे १९९४

प्रिय निनियन,

काल फोनवर तू होतास, तेव्हा तुला सगळं माहीत आहेच. पण तुला फक्त ऐकू येत होतं. दिसलं मला. ते सांगते.

मी ओटचे केक लाटत होते. फोन आईने उचलला, ती बोळात कोट अडकवत होती म्हणून. नाहीतर ती त्या यंत्राला हात लावत नाही. रिसीव्हर कानाला लावला. मग तिने मोकळा हात भिंतीवर टेकला. मला वाटलं पडते आहे, मी पिठाच्या हातांनी धावले, तर तिने मानेनेच मला थांबवलं.

‘‘निनियन,’’ ती म्हणाली, ‘‘मोठ्याने बोल. तू विहिरीतून बोलतोयस.’’

इतक्या सहज. जणू तू काल कीथला बाजाराला गेला होतास. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. पुढचं तिचंच बोलणं मला ऐकू आलं. ‘‘आहे अजून, घट्ट आहे.’’ ‘‘डफस म्हणतो खुडा. ऊना म्हणते राहू दे. ती का म्हणते ते मला कळत नाही असं तिला वाटतं.’’ मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. भिंतीवरची बोटं हळूहळू सैल होत गेली, एकेक करून. शेवटी म्हणाली, ‘‘बरं. मग खुडते.’’ आणि फोन ठेवला, निरोप न घेता. राग मानू नकोस. तिला फोन बंद करायची रीत ठाऊक नाही.

‘‘काय म्हणाला?’’ मी विचारलं.

‘‘म्हणाला, खुड. म्हणाला, आई, मी फूल बघायला येत नाहीये, तुला बघायला येतोय. फुलाला सांग, घाई नाही.’’

ती अंगणात गेली. काठी विसरली. झाडापाशी वाकली, दोन बोटं पानांच्या मुठीत घातली आणि नखाने कळी खुडली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मीच तोंड फिरवलं.

मग ती आत आली, दिव्याखाली बसली, आणि मला तिची चर्चच्या टोपीची लांब टाचणी आणायला सांगितली. टाचणीने तिने कळीचं हिरवं कवच चिरलं. बाबांचं भिंग घेऊन आम्ही दोघींनी डोकी एकत्र केली.

निनियन, आत पाकळ्या होत्या. मटाराएवढ्या जागेत, चुरगळून, घडीवर घडी, पतंगाचे पंख कोषात असतात तशा ओल्या. तिने टाचणीच्या टोकाने एक उलगडली, ती उलगडतच राहिली. तिच्या आत केसरांचं कडं, एवढं दाट की मोजता येऊ नये, आणि प्रत्येकाच्या टोकाला दाणा. मधोमध हिरवा गोळा. पुढच्या बियांची जागा. ती सुद्धा तयार. निळा कुठेच नव्हता. सगळं पाणी घातलेल्या दुधाच्या रंगाचं.

‘‘रंग तेवढा द्यायचा राहिला होता,’’ आई म्हणाली.

आणि थोड्या वेळाने, ‘‘हे कुणी उघडून बघणार नव्हतं. तरी किती नीट केलंय बघ.’’

मी तिच्याकडे बघितलं. ती फूल गमावलेल्या बाईसारखी दिसत नव्हती. चौथी-पाचवीत पहिल्यांदा मिस्सेचा अर्थ कळल्यावर मुली दिसतात ना, तशी दिसत होती. तिच्या ओठांचा रंग मात्र बरा नव्हता. लवकर ये.

तुझी,
ऊना

*

बर्नसाइड
५ जून १९९४

प्रिय निनियन,

तिकिटांचं पत्र आलं. अठ्ठावीस तारखेला ॲबर्डीनहून दुपारची गाडी घ्या, म्हणजे कीथला डफस त्याची मोटार घेऊन उभा असेल. त्याने ती दोनदा धुतली आहे. तिच्यात मेंढरांचा वास येतो, त्याला इलाज नाही.

आल्यावर आई माफी वगैरे मागणार नाही आणि तुला मागू देणार नाही. ती तुला विचारेल की तिकडे झाडांना खत काय घालतोस. तू उत्तर दे आणि लांबवर दे. तिला आता जिना चढवत नाही, म्हणून आम्ही तिची झोपायची सोय खाली पुढच्या खोलीत केली आहे, बाबांच्या दिवाणावर. कुंडी तिच्या खिडकीखाली आणून ठेवली आहे, तिथून तिला झाड दिसतं. फूल नाही, फक्त पानं. पण परवा बुडाशी दोन नवे कोंब दिसले. तिने मला रात्री हाक मारून ते सांगितलं.

खरं सांगायचं ते पुढेच आहे.

तू पत्रात ‘आम्ही’ लिहिलं होतंस. आईला वाचून दाखवताना मी ते ‘आम्ही’ जसंच्या तसं वाचलं, तोंडात धरून ठेवलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी वर गेले आणि तुझ्या जुन्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर चादर घालायला लागले, तू सेमिनरीतून सुट्टीला यायचास तेव्हाचा तो एकट्याचा पलंग. नायरीची सोय माझ्या खोलीत करावी असं मी मनाशी ठरवलं होतं. मला विचारायला भीती वाटत होती.

खालून आवाज आला, ‘‘ऊना, कुठला पलंग लावतेस?’’

‘‘त्याचाच. जुना.’’

‘‘आणि त्याची बायको कुठे झोपणार? गोठ्यात?’’

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. ‘बायको’ म्हणाली ती.

‘‘माझा मोठा पलंग त्या खोलीत लाव,’’ आई म्हणाली. ‘‘मी आता खालीच आहे. मला कशाला हवा?’’

तिच्या लग्नातला पलंग, निनियन. तू आणि मी जन्मलो तो. डफस आणि मी तो सुटा केला, बोळातून फिरवून नेला आणि तुझ्या खोलीत पुन्हा जोडला. एक पाय जरा डुगडुगत होता, त्याखाली डफसने लाकडाची चकती घातली. आईने स्वतःच्या पेटीतल्या लिननच्या चादरी काढून दिल्या, ज्यांना मला कधी हात लावू दिला नव्हता. मी त्या उन्हात वाळवल्या आणि घातल्या. मग खाली येऊन सांगितलं, झालं.

ती थोडा वेळ डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

‘‘तिला भिंतीकडची बाजू लागते की खिडकीकडची?’’ तिने विचारलं. ‘‘लिहून विचार. म्हणजे दिवा त्या बाजूला ठेवता येईल.’’

तेव्हा तेवढं कळव.

तुझी,
ऊना